मर्यादेखालचे रंग

लहानपणी माझी अशी समजूत होती की पाण्याचा रंग रोज सकाळी कुणीतरी ठरवतं. आम्ही राहायचो म्हैसूरच्या अग्रहारात आणि काकांचा सूत रंगवायचा कारखाना होता गावाबाहेर, हूटगळ्ळीला. घरात त्याला सगळे नुसतं 'डाइंग' म्हणत. शाळेला सुट्टी असली की काकू जेवणाचा डबा घेऊन बसने तिकडे निघायची आणि मी तिच्या मागे. बसमधून उतरल्यावर नाचणीच्या शेतांतून पायवाट होती. ती संपायच्या आधीच काकू विचारायची, "आज कुठला?" मी डोळे मिटून म्हणायचे, "निळा." मग आम्ही डाइंगच्या मागच्या बाजूने जायचो, मोरीवर टाकलेल्या फरशीवर उभ्या राहायचो आणि खाली बघायचो. कधी खरंच निळा असायचा, कधी जांभळट, कधी पिकल्या पपईसारखा. उन्हात ते पाणी इतकं सावकाश वाहायचं की चाललंय की पडून राहिलंय ते कळायचं नाही. एक रंग संपून दुसरा येताना मधे जो पट्टा असायचा, ज्याला काही नाव देता येत नसे, तो मला सगळ्यांत आवडायचा. त्याच्याकडे बघत मी इतका वेळ उभी राहायचे की काकू आत जाऊन जेवण वाढून मला हाक मारायची.

ते पाणी पुढे कुठे जातं हे मी कधी विचारलं नाही. मोरी एका वळणावर घाणेरीच्या झुडपांत शिरायची आणि आमच्यापुरतं पाणी तिथे संपायचं.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. कधीतरी मराठी मुलखातून म्हैसूरला आलेलं, आणि इतकं मुरलेलं की घरातल्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते आम्हालाही सांगता येत नाही. माझा नवरा नोकरीसाठी पुण्याहून इकडे आलेला. लग्नानंतर पहिल्यांदा काकांकडे जेवायला गेलो तेव्हा काका म्हणाले, "आज मोरीत सगळा हिरवा सोडला," आणि तो चमकून मला हळूच म्हणाला, "अंघोळीच्या जागी रंग कशाला सोडतात?" त्याच्या मराठीत मोरी घरात असते. आमच्या मराठीत ती कन्नडमधल्यासारखी रस्त्याच्या कडेला असते, गटारासारखी. काकू हसून हसून ठसकली होती.

बाबांनी आणि बाकीच्यांनी रंगाचा धंदा केव्हाच सोडला. राहिले एकटे काका. सूत रंगवायचे, अस्तराचं कापड रंगवायचे, एखाद्या साडीवर ब्लाउज जुळत नसला तर तेवढ्यासाठी बायका त्यांना शोधत यायच्या. आणि मी शिकून जे काम करायला लागले ते असं की नातेवाइकांना समजावून सांगताना माझीच पंचाईत व्हायची. जयलक्ष्मीपुरममधल्या एका छोट्या खासगी कचेरीतून आम्ही मालकांसाठी कारखान्यांची पाहणी करतो. नियमात कारखान्याचा आकार आधी बघतात. रोज पाणी किती लागतं, बॉयलर केवढा आहे, माल किती निघतो. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर असाल तर दरवर्षी प्रदूषण मंडळाला सगळं कळवायचं: पाणी कुठून घेतलं, किती सोडलं, सोडलं त्यात काय काय होतं. मर्यादेच्या खाली असाल तर एक साधी परवानगी पुरते, आणि मग फारसं कुणी विचारायला येत नाही. मालक लोक चहा द्यायच्या आधी मला विचारतात, "मॅडम, आम्ही लहान की मोठे?" एरवी घरापासून लग्नापर्यंत सगळं मोठं हवं असणारी ही माणसं त्या एका क्षणी लहान ठरण्यासाठी जीव मुठीत धरून बसलेली असतात.

काका मर्यादेच्या पुष्कळ खाली होते. ते मी कधी मोजायलाही गेले नव्हते. मोजायचं काय त्यात?

मधल्या वर्षांत हूटगळ्ळी बदलत गेली. नाचणीची शेतं गेली, थर्टी-फॉर्टीच्या साइटी, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांच्या घरांच्या जागा, पडल्या, त्यांच्यावर पिवळ्या-केशरी रंगाची घरं उभी राहिली. काकांच्या शेजारीही हळूहळू ओळ तयार झाली. एकाकडे उदबत्तीच्या काड्या रंगवायचं काम, राणी रंगाच्या आणि हिरव्या. त्याच्यापुढे पिशव्यांवर छपाई करणारे दोघे भाऊ. टोकाला जीन्स धुऊन फिकट करून देणारा एक तरुण. सगळेच लहान, आणि मोरी सगळ्यांची एकच.

मग एका वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकांचा फोन आला. आवाज जरा चिडलेला होता, जरा घाबरलेलाही.

"नोड बाळ, हे बघ, रविवारी येऊन जा. एक टीचर येतात रोज. पक्षी दाखवतात मोबाइलवर. म्हणतात, तुमच्यापैकी कुणी रंगवला सांगा."

"कोण टीचर? कसला पक्षी?"

"बगळा. गुलाबी झालाय. तू ये आणि त्यांना सांग की आपण लहान. तू तर हेच करतेस ना."

रविवारी मी गेले तर टीचर आधीच येऊन बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. काकांच्या डाइंगपासून थोड्या अंतरावर एक केरे आहे, म्हणजे तळं. त्याच्या काठाला जी नवी वस्ती झाली तिथे त्यांनी घर बांधलेलं. खिडकीतून पाणी दिसावं म्हणून त्यांनी ती जागा घेतली होती. काकू त्यांना फिल्टर कॉफी देत होती. भांडायला आलेल्या माणसाला कॉफी देताना चेहरा कसा ठेवायचा हे तिला समजत नव्हतं, म्हणून ती आधण बघायला सारखी आत जात होती.

टीचर कन्नडमध्ये बोलत होत्या, सावकाश, एकेक शब्द नीट ठेवून. त्यांनी मला पहिल्यापासून सांगितलं. एका सकाळी त्यांना तळ्याच्या कडेला, लव्हाळ्यात, एक पक्षी उभा दिसला. बगळ्यासारखा, पण गुलाबी. छातीकडे गडद, वर मानेपर्यंत फिकट होत गेलेला, पंख पांढरे. धुकं होतं. तो हालत नव्हता. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि त्यांची कॉफी निवून गेली.

"मला वाटलं देवाने दाखवला," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी स्वतःचं घर झालं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात हा आला."

त्यांनी फोटो काढला आणि पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन दिवस ग्रुपवर धमाल झाली. कुणी म्हणे दूरच्या देशातून वाट चुकून आलाय, कुणी म्हणे अशी जात पूर्वी इकडे यायची. बाहेरगावची दोन माणसं दुर्बीण घेऊन बघायला निघालीसुद्धा. मग एका जाणत्याने फोटो मोठा करून बघितला आणि लिहिलं, हा साधा बगळा आहे, याला रंग लागलाय, वरच्या बाजूला रंगाचे कारखाने आहेत का बघा.

"मी पाण्याच्या कडेकडेने चालत आले," टीचर म्हणाल्या, "तर तुमच्या दारात पोचले."

काकांनी फोटो पुन्हा हातात घेतला आणि लांब धरून बघितला. "हा माझा गुलाबी नाही," ते म्हणाले. "माझा सुताचा असतो. हा काड्यांचा."

उदबत्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला त्याचं पाणी दोन बादल्या, तेवढ्यात पक्षी कसा रंगेल? छपाईवाले म्हणाले आम्ही तर गुलाबी वापरतच नाही या दिवसांत, आणि त्यांच्या मागे भिंतीवर गुलाबी कमळं छापलेल्या पिशव्या वाळत होत्या. जीन्सवाला आलाच नाही. त्याने निरोप पाठवला की माझं पाणी निळं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्या सकाळी काकांकडे यायच्या आधी ओळीतल्या प्रत्येकाकडे जाऊन आले होते, पाणी किती घेतात, हौद केवढे आहेत ते बघून. म्हणून टीचरना खरं ते सांगितलं. यांच्यापैकी प्रत्येक जण मर्यादेच्या खाली आहे. नियमाप्रमाणे काय सोडलं ते कळवायला यांच्यातला कुणीही बांधील नाही. तुम्ही तक्रार करू शकता, पाहणी होईल, पण वर्षाच्या वर्षाला यांचं पाणी कुणी मोजणार नाही.

टीचरनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. "मी तिसरीला बेरीज शिकवायचे," त्या म्हणाल्या. "हे वेगवेगळं लहान आहे. पण माझ्या खिडकीखाली येतं तेव्हा ते सगळं मिळून येतं. ती बेरीज कुणी करतं का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच कुणी करत नव्हतं. मीही केली नव्हती.

त्या उठल्या, काकूला कॉफीबद्दल दोनदा धन्यवाद दिले आणि छत्री उघडून उन्हात निघून गेल्या.

दुपारी जेवून झाल्यावर काका अंगणात खाटेवर बसून राहिले. काकांचं अंगण म्हणजे डाइंगचा सगळ्यांत सुंदर भाग. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबू लावलेले आणि त्यांवर सुताच्या लडी वाळत घातलेल्या, हळदीच्या, शेंदराच्या, गडद हिरव्या. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या आणि जमिनीवरचं ऊनही रंगीत व्हायचं. मी त्यांच्या सावलीत पडून झोपेच्या कडेला पोचले होते. काका एकदम म्हणाले, "चल, जाऊन बघू."

"कुठे?"

"केरेला. मी कधी गेलोच नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तरुणपणापासून ते तिथे काम करत होते. तळं डाइंगपासून चालत जायच्या अंतरावर होतं. पण त्यांचा दरवाजा रस्त्याकडे, गिऱ्हाईक रस्त्याकडून, बस रस्त्यावर. मागे फक्त मोरी होती आणि मोरीच्या मागे कुणी जात नाही.

आम्ही पाण्याबरोबर चालायला लागलो. घाणेरीच्या झुडपांच्या पलीकडे, जिथे लहानपणी माझ्यासाठी पाणी संपायचं, तिथे ते मुळीच संपत नव्हतं. नव्या घरांच्या कंपाउंडांमधून, एका कल्याणमंटपाच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, मागून, केळीच्या दोन झाडांना वळसा घालून ते चाललं होतं. त्या दिवशी पाणी विटकरी होतं. घरांमधून दुपारच्या टीव्हीचे आवाज येत होते. एका गच्चीवर एक बाई मिरच्या वाळत घालत होती, तिने आमच्याकडे बघितलं आणि नाकाला पदर लावला. काकांनी ते बघितलं. त्यांची चाल जरा मंद झाली.

आणि मग तळं आलं. मोठं नव्हे, पण वर आभाळ होतं आणि खाली तितकंच आभाळ होतं. कडेला लव्हाळी. जिथे मोरी तळ्यात उतरते तिथे पाण्याचा रंग पंख्यासारखा पसरला होता, पुढे फिकट, आणखी फिकट, आणि मग नुसतं पाणी. त्या पंख्यात पाय बुडवून बगळे उभे होते. सहा-सात पांढरे आणि एक तो.

फोटोत दिसतो त्यापेक्षा तो फार हळुवार रंगाचा होता. पहाटेच्या ढगाला असतो तसा. त्याने मान लांब केली, पाण्यात चोच मारून बघितलं, परत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर, म्हणजे बगळ्याचा जो काही चेहरा असेल त्यावर, आपल्याला काही झालंय याची खूण नव्हती.

काका खूप वेळ बघत राहिले. "किती सुंदर दिसतो ग," ते म्हणाले. मलाही तो सुंदर दिसत होता. मग काकांनी विचारलं, "जाईल का तो रंग? धुऊन?"

"धुऊन नाही. जुनी पिसं गळून नवी येतात तेव्हा जाईल."

"कधी येतात?"

"मला माहीत नाही, काका."

"आपला पक्का रंग आहे," ते म्हणाले. आयुष्यभर ही गोष्ट ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत आले होते. आता तेच शब्द त्यांनी इतके हळू उच्चारले की वाऱ्यात नीट ऐकूही आले नाहीत. हा माझा गुलाबी नाही, हे मात्र ते पुन्हा म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यांत काकू मला फोनवर बातम्या द्यायची. काका सकाळी कामाआधी तळ्यावर जातात. टीचरच्या कंपाउंडच्या भिंतीवर बसून येतात. टीचर आतून कॉफी आणून देतात. दोघं फारसं बोलत नाहीत. "हे आणि बाई, भिंतीवर बसून बगळे बघतात," काकू म्हणायची, "या वयात मी हे कुणाला सांगू!" पण तिच्या आवाजात कौतुक होतं.

मी माझ्या परीने उपाय शोधत होते. एकेकट्याला पाणी शुद्ध करायची यंत्रणा झेपण्यासारखी नव्हती. एकत्र मिळून झेपली असती. चारही कारखान्यांचं पाणी एका टाकीत, तिथे रंग खाली बसवायचा, वरचं पाणी गाळायचं, बरंचसं परत वापरायचं. मी एका रविवारी सगळ्यांना काकांच्या अंगणात बसवलं आणि कागदावर आकृती काढून दाखवली. मग जे सांगायला मला अवघड वाटत होतं ते सांगितलं. पाणी एकत्र केलंत की मोजणीही एकत्र होईल. चारही कारखाने मिळून तुम्ही मर्यादेच्या वर जाता. मग दरवर्षी कळवावं लागेल, तपासणीला लोक येतील, नमुने घेतील. पाणी कमी घाण होईल आणि नियमाच्या दृष्टीने तुम्ही मोठे व्हाल.

वरच्या लडी हलत होत्या.

"मॅडम," उदबत्तीवाला म्हणाला, "आज घाण सोडतो तर कुणी विचारत नाही. आणि स्वच्छ करायला गेलो तर विचारणार?"

"हो. तसंच आहे."

"हे कसलं शास्त्र?"

मर्यादा कुठेतरी आखावी लागते, प्रत्येक घराच्या बादलीला माणूस नेमता येत नाही, हे मला ठाऊक होतं. कचेरीत मी हे सहज सांगते. अंगणात, त्या चेहऱ्यांसमोर, ते तितकं सहज निघेना.

जीन्सवाला उठला. तो हसतमुख मुलगा होता, वाईट नव्हे. "मी दुसरीकडे जागा बघतोय," तो म्हणाला. "मला यात धरू नका." छपाईवाले भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. उदबत्तीवाला म्हणाला, "सुम्मने राहू या, गप्प. टीचर चांगल्या आहेत, तक्रार करणाऱ्या नाहीत."

"नाहीत म्हणूनच," काकू दारातून म्हणाली. ती अशा बैठकींत कधी बोलत नसे. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं तशी ती जरा लाजली, पण थांबली नाही. "त्यांनी तक्रार केली असती तर आपण भांडलो असतो. त्या रोज यांना कॉफी देतात. किती दिवस प्यायची ती?"

काका हसले. मग गंभीर झाले. "टाकी कुठे बसेल?" त्यांनी मला विचारलं.

मी बघून ठेवलं होतं. उतार ज्या बाजूला आहे तिथेच बसणार होती. म्हणजे या अंगणात, सूत वाळवायच्या जागेत. जवळजवळ अर्धं अंगण जाणार होतं. मी ते सांगितलं. काकांनी वर बांबूंकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसं कुणी गावाला निघालेल्या माणसाकडे बघतं.

"म्हणजे मी आहे त्याहून लहान होणार," ते म्हणाले, "आणि कागदावर मोठा."

"हो."

"आयतु," काका म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि उठून आत गेले. मला वाटलं ते विचार करून सांगतील. काकू म्हणाली, "झालं. ते आयतु म्हणाले की झालं."

टाकी व्हायला मधला पावसाळा गेला आणि हिवाळाही निम्मा गेला. छपाईवाले आले, उदबत्तीवाला कुरकुरत का होईना आला, आणि तिन्ही कारखाने मिळूनही पाणी मर्यादेच्या वरच भरलं. जीन्सवाला खरंच गेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे त्याचं पाणी कुठल्या मोरीतून कुठे जातं ते मला ठाऊक नाही, आणि कधी त्या बाजूने बस गेली तर मी खिडकीतून खाली बघते. काकांनी गडद रंगांची मोठी कामं सोडली, कारण लडी वाळवायला जागाच उरली नाही. अर्ध्या अंगणात रंग राहिले, अर्ध्यात सिमेंटचा चौकोन आला आणि त्यावर घुर्रघुर्र करणारी मोटर. टाकीच्या तळाशी जो गाळ बसतो तो काढून वाळवावा लागतो. पहिल्यांदा काढला तेव्हा काकांनी त्याचा एक तुकडा हातात घेऊन मोडला. सगळे रंग एकत्र झाले होते आणि तो मातकट, जरासा जांभळट दिसत होता. "हे सगळं आधी त्या तळ्यात जात होतं?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. ते तुकड्याचा वास घेत राहिले.

मंडळाकडून पाहणीला एक तरुण अधिकारी बाई आली तेव्हा काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिने टाकी बघितली, नमुने घेतले, प्रश्न विचारले. काका प्रत्येक प्रश्नाचं लांबलचक उत्तर देत होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "तिने मला 'तुमची इंडस्ट्री' म्हटलं. ऐकलंस ना? घरी पण कुणी कधी म्हटलं नाही." आणि काकूला दिवसभर ते ऐकवत राहिले, ती शेवटी म्हणाली, "इंडस्ट्री, आता जेवायला या."

बगळ्याचं काय झालं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. पावसाळ्यात तो दिसेनासा झाला. त्यानंतर तळ्यावर जे बगळे आले ते पांढरे होते. त्यांच्यातलाच एक तो असेल, पिसं बदललेला, किंवा तो कुठे दुसरीकडे गेला असेल, किंवा नसेलही. टीचर म्हणतात तो आहे. त्यांना एकाची उभं राहायची ढब ओळखीची वाटते. काका त्यांच्याशी वाद घालत नाहीत.

मोरीत आता जे पाणी येतं त्याला रंग नाही. मी परवा फरशीवर उभी राहून बघितलं. खाली वाळू दिसली, एक शंख दिसला, कुणाच्या तरी वहीचं पान दिसलं. बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं रितंही वाटलं. दोन रंगांच्या मधला तो बिननावाचा पट्टा मी पुन्हा कधी बघणार नाही, आणि तो दिसू नये यासाठीच मी काम करते. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसून असतात. एकमेकींशी त्या बोलत नाहीत.

गेल्या महिन्यात टीचरनी काकांकडे एक काम दिलं. त्यांच्या खिडकीला पडदे हवे होते. कापड आणलं होतं, साधं, कोरं. "कुठला रंग?" काकांनी विचारलं. टीचरना सांगता येईना. मग काका, काकू आणि मी, रंगवलेल्या सुताच्या छोट्या लडी पिशवीत घालून त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळ व्हायची होती. काकांनी एकेक लड खिडकीच्या चौकटीला धरून दाखवली, मागे तळं. पिवळी धरली तर खोली उजळली, पण टीचर म्हणाल्या डोळ्यांवर येते. निळी धरली तर पाणीच फिकं दिसायला लागलं. काकू म्हणाली चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखी बघा, आणि ती धरल्यावर टीचर खिडकीजवळ सरकल्या.

"ही?" काकांनी विचारलं.

"ही," टीचर म्हणाल्या. मग थोड्या थांबल्या. "पण घाई नको. उद्या सकाळच्या उजेडात परत एकदा धरून बघू या?"

"बघू या," काका म्हणाले. त्यांनी लड घडी करून तिथेच खिडकीत ठेवली, आणि काकू टीचरना विचारत विचारत त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफीचं आधण ठेवायला गेली.